दंगल न झालेल्या शहराचा धडा



आपल्या शाळांत दरवर्षी राष्ट्रीय एकात्मतेवर निबंध लिहून घेतला जातो. वक्तृत्व स्पर्धा होते. २६ जानेवारीला चार मुलं चार धर्मांचे पोशाख घालून हातात हात धरून उभी राहतात, फोटो निघतो आणि तो शाळेच्या ग्रुपवर जातो. यात वाईट काहीच नाही. पण त्याच मुलांना एकदा विचारून बघा, "वेगळ्या धर्माचा किंवा वेगळ्या वस्तीतला तुझा मित्र तुझ्या घरी कधी जेवायला आला होता का?" शहरातल्या पुष्कळ वर्गांत या प्रश्नावर शांतता पसरते. काही वर्गांत तर प्रश्नच निरर्थक ठरतो, कारण तिथे वेगळ्या धर्माचं मूलच नसतं.

आपण शांतता हा 'मूल्य' म्हणून शिकवतो. मूल्यशिक्षणाच्या यादीत ती असते, तिला तासिका असते, तिचे गुणही असतात. माझं मत थोडं वेगळं आहे. शहरातली शांतता ही पाणीपुरवठ्यासारखी व्यवस्था आहे. ती कुणीतरी उभारावी लागते, रोज चालवावी लागते आणि गळती झाली की त्याच दिवशी दुरुस्त करावी लागते. आणि या व्यवस्थेत शाळेला, विशेषतः पालकसभेला, एक जागा आहे. ती जागा आपण रिकामी ठेवली आहे.

निमित्त वेगळं, कारण वेगळं

इतिहासाच्या तासाला आपण १८५७ शिकवताना काडतुसं हे निमित्त होतं आणि कारणं खोलवरची होती, हे मुलांना बजावून सांगतो. परीक्षेत तसा प्रश्नही विचारतो. पण आपल्याच शहरात तणाव झाला की मात्र आपण निमित्तालाच कारण समजतो. 'मिरवणुकीवर दगड आला म्हणून झालं', 'कुणीतरी स्टेटस ठेवलं म्हणून पेटलं', बस्स, विषय संपला.

जरा थांबून बघू. दगड रोज कुठे ना कुठे पडतोच. एका गल्लीत तो पडल्यावर दोन म्हातारी माणसं बाहेर येतात, पोरांना दरडावतात आणि अर्ध्या तासात सगळे घरी जातात. दुसऱ्या गल्लीत तोच दगड चार दिवसांची संचारबंदी आणतो. फरक दगडात नसतो, गल्लीत असतो.

त्या गल्लीत आधीपासून काय साठलेलं असतं? नळाला पाणी दिवसाआड येतं आणि रांगेत रोज भांडण होतं. ड्रेनेज तुंबलं तर 'त्यांच्या बाजूचं' आधी साफ होतं, असा समज असतो, कधी तो खराही असतो. पार्किंगची जागा, भोंग्याचा आवाज, फेरीवाल्यांच्या जागा, मिरवणुकीचा मार्ग. दहावी-बारावी होऊन घरी बसलेली पोरं, ज्यांना दिवसभर करायला काही नाही आणि संध्याकाळी नाक्यावर कुणीतरी 'कार्यकर्ता' म्हणतं तेव्हा पहिल्यांदा किंमत मिळाल्यासारखं वाटतं. अशा पोरांची गर्दी हवी असणारा एखादा गल्लीतला पुढारी. आणि या सगळ्यावर, पलीकडच्या गल्लीतल्या एकाही माणसाला नावाने न ओळखणं.

हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ओळख नसली की अफवेला अडवणारं कुणी उरत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात भटक्या गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून फिरत होती. ती माणसं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची होती, पोटासाठी भिक्षा मागत फिरत होती. ते गाव होतं, शहर नव्हतं, आणि प्रश्न दोन धर्मांचाही नव्हता. पण अफवा कशी मारते, हे त्यातून स्वच्छ दिसतं. 'ही माणसं कोण आहेत, मला माहीत आहे' असं ठामपणे सांगणारा आवाज त्या जमावात नव्हता. आपल्या शहरांत तर शेजारच्या बिल्डिंगमधला माणूसही आपल्याला अनोळखी असतो.

भिवंडीत काय झालं?

भिवंडीचं नाव काढलं की मागच्या पिढीला दंगलच आठवते. यंत्रमागांचं हे गाव. स्थानिक कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलंगणातले पद्मशाली, आगरी-कोळी, मराठी कामगार, सगळे दाटीवाटीने राहणारे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तिथे मोठी दंगल झाली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि आग ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. दोनशेहून जास्त माणसं गेली.

आता १९९२ चा डिसेंबर आठवा. बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यानंतर डिसेंबर व जानेवारीत मुंबईत जे झालं त्यात ९०० माणसं मृत्युमुखी पडली, असं श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नोंदलेलं आहे. मुंबईच्या उंबरठ्यावर असलेली, आधी दोनदा होरपळलेली भिवंडी या वेळी मात्र पेटली नाही.

असं का झालं? सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी १९८८ मध्ये भिवंडीत उपायुक्त म्हणून आले. त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं त्यात घेतली. त्यात पुढारीच नव्हते, मागवाले, दुकानदार, कामगार, साधी माणसं होती. त्या त्या भागाचा पोलीस समितीशी जोडलेला असायचा. आणि मुख्य गोष्ट म्हणजे समितीच्या बैठकीत 'हिंदू-मुस्लिम ऐक्य' या विषयावर भाषणं करण्यापेक्षा रोजची भांडणं सोडवण्यावर भर होता. कुणाचं पाणी, कुणाची भिंत, कुणाच्या पोराने कुणाला शिवी दिली. वर्षानुवर्षं ही छोटी कामं एकत्र करताना माणसं एकमेकांना नावाने ओळखू लागली. डिसेंबर १९९२ मध्ये अफवा आल्या तेव्हा त्या पडताळायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचा माणूस होता. खोपडे यांनी पुढे 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' हा प्रश्न घेऊन पुस्तकच लिहिलं.

भिवंडी तेव्हापासून नंदनवन झाली, असं मी म्हणत नाही. २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून तिथे वाद चिघळला, गोळीबारात माणसं दगावली आणि दोन पोलिसांचाही जीव गेला. शांतता एकदा मिळवली की कायमची राहत नाही. नळाची जोडणी एकदा केली म्हणून पाणी जन्मभर येत नाही, तसंच हे.

खेळणाऱ्या मुलांचा आकडा

पालकांनी हा भाग जरूर वाचावा.

आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकाने १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींचा शहरवार अभ्यास केला. २००२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांना दिसलं की दंगलीतल्या मृत्यूंपैकी खेड्यांतले मृत्यू ४ टक्क्यांहूनही कमी आहेत. आणि जवळपास निम्मे मृत्यू फक्त आठ शहरांत झाले आहेत. त्या आठांत आपली मुंबईही आहे. म्हणजे 'सगळीकडे असंच चालतं' हे खरं नाही. दंगल ठरावीक शहरांना चिकटते, बाकीची शहरं तेवढीच गरीब, तेवढीच दाटीची आणि तेवढीच मिश्र असूनही वाचतात.

त्यांनी शहरांच्या जोड्या लावल्या. त्यातली एक जोडी म्हणजे उत्तर प्रदेशातलं अलीगढ आणि केरळातलं कालिकत. दोन्ही ठिकाणी मुसलमानांचं प्रमाण जवळजवळ सारखं. अलीगढमध्ये पुन्हा पुन्हा दंगली झाल्या, कालिकतमध्ये नाही. घरोघरी विचारलं तेव्हा कालिकतमध्ये सुमारे ९० टक्के कुटुंबांनी सांगितलं की आमची मुलं दुसऱ्या धर्माच्या मुलांबरोबर खेळतात. अलीगढमध्ये हाच आकडा ४२ टक्क्यांच्या आसपास होता.

पण वार्ष्णेय इथेच थांबत नाहीत, आणि आपणही थांबू नये. ते म्हणतात, खेड्यात रोजची ऊठबस पुरते. शहरात ती पुरत नाही, कारण शहर फार मोठं असतं. शहरात संघटना लागतात. व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं, क्रीडा मंडळं, जिथे दोन्ही समाजांची माणसं एकाच कामासाठी एकत्र बसतात. अशा संघटनेतल्या माणसाचा धंदाच एकमेकांवर अवलंबून असतो, म्हणून तो शांतता राखायला धडपडतो. प्रेम असो वा नसो, गरज असते.

आपण काय गमावलं?

मुंबईत अशी एक गोष्ट होती, गिरणी. खात्यात शेजारी शेजारी उभे राहून काम करणारे रत्नागिरीचे, साताऱ्याचे, आझमगढचे कामगार. युनियन एक, मालक एक, संपाची उपासमारही एकच. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरणगाव हळूहळू मोडलं. आपण त्याचा हिशोब गेलेल्या नोकऱ्यांत करतो. पण वेगवेगळ्या लोकांना रोज एका छपराखाली आणणारी जागाही गेली. दहा वर्षांनी शहर पेटलं तेव्हा त्या कामगारांची पोरं बेकार आणि एकमेकांना अनोळखी होती. गिरण्या असत्या तर दंगल झालीच नसती, असा सरळ हिशोब कुणी मांडू नये. मुंबईत गिरण्या जोरात असतानाही दंगली झाल्या आहेत, १८९३ ची दंगल प्रसिद्धच आहे. पण आग विझवायला धावणारे हात कमी झाले, हे मात्र खरं.

दंगलीनंतर माणसं आपापल्या लोकांत राहायला गेली. मुंब्रा बघता बघता वाढलं ते याच काळात. भाड्याने घर शोधताना आडनाव विचारलं जाणं ही आज कुणाला बातमीही वाटत नाही. वस्त्या वेगळ्या झाल्या की शाळा आपोआप वेगळ्या होतात. आणि मग आपण वर्गात एकात्मतेचा निबंध लिहून घेतो, अशा मुलांकडून, ज्यांना 'दुसरा' फक्त मोबाइलमध्ये दिसतो.

'पण सर, या समित्या म्हणजे फार्सच ना?'

हा आक्षेप येणार, आणि तो चुकीचा नाही. पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते ती गणपती, मोहरम, शिवजयंती, आंबेडकर जयंतीच्या तोंडावर. तेच ठरलेले दहा-बारा प्रतिष्ठित लोक, चहा-बिस्किटं, 'आपल्या गावाची परंपरा' यावर भाषणं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. ज्या पोरांच्या हातात दगड येतो ती पोरं या बैठकीला कधीच नसतात. बायका तर नसतातच.

दुसरा आक्षेप आणखी टोकदार आहे. न्याय मिळाला नाही तर शांतता कसली? श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. पण १९९२-९३ मधल्या बेपत्ता माणसांच्या वारसांना शोधून भरपाई द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये द्यावा लागला. तीस वर्षं! ज्याच्या घरातला माणूस गेला त्याला 'झालं गेलं विसरा' म्हणणं ही शांतता नव्हे, तो निव्वळ निर्दयपणा आहे.

हे दोन्ही आक्षेप मान्य करूनही मला वाटतं की समित्या मोडीत काढू नयेत, त्या योग्य माणसांच्या आणि योग्य वेळी कराव्यात. मुंबईत दंगलीनंतर मोहल्ला कमिटीचं काम उभं राहिलं. तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी, निवृत्त अधिकारी ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे अशी माणसं त्यात होती. पोलीस आणि वस्तीतली पोरं यांचे क्रिकेटचे सामने झाले. धारावीत भाऊ कोर्डे आणि वकार खान या दोन मित्रांनी वर्षानुवर्षं एकोप्याचं काम केलं. त्यांच्यावर 'नाता' नावाचा माहितीपटही आहे. ही माणसं फक्त सणाच्या तोंडावर भेटत नव्हती.

आणि समजूतदारपणा आजही दिसतो. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी आपणहून जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारने २९ तारखेला सुट्टी दिली. कोल्हापूर जिल्ह्यात कुरुंदवाडच्या काही मशिदींत गणपती बसतो. ही उदाहरणं मुलांना जरूर सांगा. दंगलीची बातमी आठवडाभर चालते, दंगल टाळली गेल्याची मात्र एका दिवसात विरून जाते. त्यामुळे मुलांना वाटतं की भांडण हाच नियम आहे.

अहमदाबादच्या वसंत-रजब यांची गोष्टही मुलांना सांगावी. वसंतराव हेगिष्टे, मराठी घरातले, आणि त्यांचे मित्र रजबअली लाखाणी. १ जुलै १९४६ रोजी दंगल थांबवायला हे दोघे जमावासमोर उभे राहिले आणि दोघेही मारले गेले. गोष्ट सांगून झाल्यावर मात्र मुलांना एक प्रश्न विचारा, 'हे दोघेच का होते? त्यांच्या मागे दोनशे माणसं का नव्हती?' शौर्याला नमस्कार करावाच. पण फक्त शूरांच्या भरवशावर शहर चालत नाही.

शाळेची रिकामी जागा

आता आपल्या अंगणात येऊ. गिरणी गेली, चाळ गेली, सार्वजनिक वाचनालयं ओस पडली. मग शहरात अशी कोणती जागा उरली, जिथे वेगवेगळ्या घरांतल्या मोठ्या माणसांचा एकच स्वार्थ आहे? माझ्या मते एक उरली आहे, शाळा. आपलं पोर शिकावं, हा स्वार्थ सगळ्यांचा सारखा आहे.

शिवाय त्याला कायद्याचा आधार आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शासकीय आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. जरा विचार करा. पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीत जे नाही, ते सगळं या समितीत कायद्यानेच आहे! आणि आपण तिचं काय करतो? सह्यांपुरती बैठक, इतिवृत्ताची वही, संपलं.

त्याच कायद्यात खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. तेव्हा बरीच चर्चा पैशांची झाली, शाळांच्या थकलेल्या परताव्याची झाली, तीही रास्तच. पण दोन वस्त्यांतली मुलं एका बाकावर बसण्याची संधी जाते की राहते, हा मुद्दा फार थोड्यांनी मांडला.

मग करायचं काय? मोठे प्रकल्प नकोत, त्यांचे अहवालच लिहावे लागतात. चार साध्या गोष्टी सुचवतो.

१. पालकांना ऐकायला बोलावू नका, कामाला बोलावा. पाण्याची टाकी साफ करणं, शाळेसमोरची रिक्षांची गर्दी, पोषण आहाराची तपासणी. प्रत्येक कामाला वेगवेगळ्या वस्तीतले दोन-तीन पालक एकत्र द्या. भाषणाने ओळख होत नाही, टाकी घासताना होते.

२. वर्गाच्या पालक ग्रुपसाठी एक नियम करा. परिसरातल्या तणावाची कोणतीही बातमी, व्हिडिओ पडताळल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. पडताळायचं कसं? त्या वस्तीत राहणाऱ्या आपल्याच वर्गातल्या पालकाला फोन करून. हा फोन करता यावा म्हणून तरी ती ओळख आधी हवी.

३. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांकडून वस्तीचा नकाशा काढून घ्या. नळ कुठे, कचरा कुठे, भांडण कुठे होतं आणि ते कोण सोडवतं. 'भांडण सोडवणारी माणसं' ही यादी मुलांनी घरी विचारून आणावी. तुम्हाला आश्चर्य वाटेल, त्यात पुढारी कमी आणि आजी, दुकानदार, रिक्षावालेच जास्त सापडतील.

४. शहरात काही घडलं तर दुसऱ्या दिवशी वर्गात गप्प बसू नका. 'राजकारण नको' म्हणून आपण विषय टाळतो, पण मुलं तो विषय घरून आणि मोबाइलवरून घेऊन आलेलीच असतात. काय ऐकलं ते बोलू द्या. काय माहीत आहे आणि काय नुसतं ऐकलेलं आहे, हे फळ्यावर दोन रकान्यांत लिहा. एवढं केलं तरी पुरे.

शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा डोंगर आहे, हे मला ठाऊक आहे. सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची ड्युटी. त्यात हे आणखी कशाला? कारण हे जादा काम नाही. पालकसभा आपण घेतोच, तास घेतोच, ग्रुप चालतोच. ते जरा वेगळ्या रीतीने करायचं आहे.

पालकांनाही एक विनंती. शाळा निवडताना आपण निकाल बघतो, फी बघतो, इंग्रजी माध्यम बघतो. आणि हळूच हेही बघतो की तिथे 'आपल्यासारख्यांची' मुलं आहेत ना. हा शेवटचा निकष एकदा उलटा वापरून बघा. आपल्यापेक्षा वेगळ्या घरांतली मुलं जिथे आहेत ती शाळा ही तुमच्या मुलाच्या सुरक्षिततेची तजवीज आहे. कालिकतच्या पालकांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांची मुलं एकत्र खेळत होती, एवढंच.

पुढची पालकसभा बहुधा चाचणीच्या निकालासाठी असेल. निकाल वाटून झाल्यावर दहा मिनिटं ठेवा. प्रत्येक पालकाने शेजारी बसलेल्या, आजवर न बोललेल्या पालकाचं नाव, वस्ती आणि फोन नंबर विचारून घ्यावा. पुढच्या सभेला कोणी कोणाला फोन केला, ते विचारा. आणि काय झालं ते इथे आम्हालाही कळवा.